पाहुण्यांच्या जेवणाचं बिल तपासताना: आधी माणसं मोजा, मग रुपये

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की लेखा विभागात चहापानाच्या आणि जेवणाच्या बिलांची रीघ लागते. वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून असलेली बिलं एकदम बाहेर येतात. दारातून आवाज येतो, "भाऊसाहेब, आमचं बिल कधी निघणार?" बिल असतं सतराशे रुपयांचं, आणि त्याला जोडलेले कागद बघितले तर हॉटेलची एक चिठ्ठी आणि वर पिनने लावलेला अर्ज, बस्स.

सोलापुरात विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या लेखा कामात माझी बरीच वर्षं गेली. आदरातिथ्याची बिलं रकमेने किरकोळ असतात, पण सगळ्यात जास्त वादावादी त्यांच्यावरच होते. लाखाच्या उपकरणाचं बिल गुमान पास होतं आणि बारा प्लेट उपिटावर अर्धा तास जातो. या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी मी हे लिहितोय. खिशातून पैसे घालून नंतर प्रतिपूर्तीसाठी खेटे घालणाऱ्या प्राध्यापकांनीही वाचायला हरकत नाही.

बिल सगळ्यात शेवटी वाचा

नवीन माणूस आधी बिलाची रक्कम बघतो. मी नस्ती, म्हणजे फाईल, हातात घेतली की बिल उलटं ठेवतो आणि आधी टिपणी, म्हणजे खर्चाला मान्यता मागणारी नोंद, वाचतो. हा खर्च कशासाठी झाला, त्याला मान्यता कुणाची आहे आणि तो कुठल्या लेखाशीर्षात (खर्चाच्या खात्यात) टाकायचा, ही तीन उत्तरं टिपणीत मिळाली पाहिजेत.

'कशासाठी' याचं उत्तर नेमकं हवं. 'विभागाची बैठक' हे उत्तर नव्हे. अभ्यासमंडळाची बैठक, पीएच.डी.ची मौखिक परीक्षा, बाहेरच्या तज्ज्ञांची भेट, नॅक समितीचा (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्यांचा) दौरा असं लिहिलेलं हवं आणि त्याला कागदाचा आधार हवा, म्हणजे बैठकीची सूचना, नेमणुकीचं पत्र किंवा कार्यक्रमपत्रिका. टिपणी, हा कागद आणि बिल, तारीख तिन्हीकडे एकच आहे ना, ते बोट ठेवून बघा. बैठक १२ तारखेची आणि बिल १४ चं, अशी प्रकरणं वाटतात त्यापेक्षा जास्त निघतात. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. बैठक पुढे ढकललेली असते आणि सुधारित सूचना लावायची राहिलेली असते. ती मागवली की विषय संपतो.

मान्यता खर्चाआधीची हवी. कार्योत्तर मान्यता हा अपवाद आहे आणि ती देण्याचा अधिकार कुणाला आहे ते संस्थेच्या वित्तीय अधिकारांच्या आदेशात लिहिलेलं असतं. विभागप्रमुखांनी सही केली म्हणजे मान्यता झाली असं धरू नका. ती बहुतेक ठिकाणी शिफारस असते. आणि ज्या जेवणाला मंजुरी देणारे साहेब स्वतः हजर होते त्याचं बिल त्यांनीच मंजूर करू नये. ते एक पायरी वर पाठवावं. हे तोंडावर सांगणं अवघड जातं. म्हणून तुमच्या छापील तपासणी-पत्रकात एक रकानाच करून ठेवा: 'मंजुरी देणारे अधिकारी कार्यक्रमास उपस्थित होते काय?' तोंडाने विचारायची वेळ येत नाही, रकाना विचारतो.

लेखाशीर्षाबाबत एवढंच. शिल्लक आहे का बघा आणि बिल चालू आर्थिक वर्षातलं आहे का बघा. ३१ मार्चच्या आधीचा खर्च नव्या वर्षाच्या तरतुदीत घालायचा तर मागच्या वर्षाचं देणं म्हणून वेगळी मान्यता लागते.

माणसं मोजायची

या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. रुपये बरोबर असतात, कारण ते हॉटेलच्या मशीनने मोजलेले असतात. माणसं कुणीच मोजलेली नसतात.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा. दुपारच्या जेवणाचं बिल १४ थाळ्यांचं, थाळी १८० रुपये. म्हणजे २,५२० अधिक ५ टक्के जीएसटी १२६, एकूण २,६४६. सोबत उपस्थितीपत्रक, त्यावर ३८ सह्या. वरवर बघणारा म्हणेल, ३८ जण होते आणि १४ च जेवले, काटकसरच झाली. पण मौखिक परीक्षा खुली असते, ऐकायला विद्यार्थी येऊन बसतात. ते काही जेवणाचे पाहुणे नव्हेत. मान्यतेच्या टिपणीत काय होतं? परीक्षा समिती आणि संबंधित कर्मचारी.

मग मोजायला बसलो. अध्यक्ष, बहिःस्थ परीक्षक, मार्गदर्शक आणि विभागप्रमुख हे चार. विभागातले दोन सहकारी, त्यांची नावं टिपणीत होती, म्हणून सहा. संशोधक विद्यार्थी सात. सकाळपासून सभागृह उघडून प्रोजेक्टर लावणारा शिपाई आठ. आणि परीक्षक ज्या गाडीने आले तिचा ड्रायव्हर नऊ. हे शेवटचे दोघे मुद्दाम सांगतोय, कारण टिपणी लिहिणारा त्यांना हमखास विसरतो आणि तपासणारा त्यांची थाळी कापून मोकळा होतो. ड्रायव्हर बाहेर उपाशी बसला असता का? नाही ना? मग त्याला मोजा.

नऊ झाले. उरलेल्या पाच थाळ्या कुणाच्या? मार्गदर्शक सरांना फोन केला. सर जरा घुटमळले, मग म्हणाले, "पोराचे आई-वडील, मामा आणि दोघं पाहुणे आले होते गावाहून. त्यांना काय तसंच पाठवायचं होतं होय?" तसं पाठवायचं नव्हतंच. पण त्यांचं जेवण सरकारी पैशातून होत नाही. नऊ थाळ्यांचे १,६२० अधिक जीएसटी ८१, म्हणजे १,७०१ रुपये पास केले आणि ९४५ वगळले. सरांनी कुरकुर केली नाही. नावांची यादी जर बिलासोबतच आली असती तर तो फोनही करावा लागला नसता.

या प्रकारातली अजून एक गोष्ट विचारून घ्यायची असते. मौखिक परीक्षेचं जेवण उमेदवाराच्याच गळ्यात मारायची वाईट खोड काही ठिकाणी आहे. पैसे पोराने दिले आणि प्रतिपूर्ती दुसऱ्याच्या खात्यात, असं होऊ नये. ते कसं ओळखायचं ते पुढे सांगतो.

चहापानातही मोजणी हीच. फक्त तिथे थोडा हात सैल सोडा. २० जणांच्या बैठकीला २३ चहा आले तर आक्षेप घेत बसू नका. दोघांनी दुसऱ्यांदा घेतला असेल. वीस जणांना ४५ समोसे मात्र विचारण्यासारखे आहेत.

आता बिल सुलटं करा

बिलावर हॉटेलचं नाव, पत्ता, अनुक्रमांक, तारीख आणि तपशील हवा. 'जेवण: २,६४६' असं एका ओळीचं बिल घेऊ नका. थाळी किती, दर काय, हे दिसलं पाहिजे.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. आपल्या सोलापूरला कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे २९ ने सुरू होणारं बिल अधूनमधून येतं आणि तेलंगणाचं ३६ ही दिसतं. ते खोटं असतं असं नाही. विजापूर किंवा कलबुर्गीला पाहुण्यांना घेऊन गेले असतील. पण मग बाहेरगावी जाण्याची मान्यता नस्तीत दिसली पाहिजे. क्रमांक खरा आहे का हे जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं, लॉगिनही लागत नाही. शंका आली तर तेवढं एक मिनिट घालवा.

कराचा दर बघताना पुढचं लक्षात ठेवा. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, आणि तोही अडीच-अडीच टक्क्यांचा, अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. हॉटेलात बसून जेवल्यावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागत नाही, कारण सेवा जिथे दिली तिथलाच कर. तो दिसला तर विचारा. १८ टक्के लावता येतो तो ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं अशा आवारातल्या रेस्टॉरंटला. बाजारपेठेतल्या खानावळीने १८ टक्के लावला असेल तर तो चुकीचा आहे, आणि चुकीचा कर आपण का भरायचा? छोटी हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत) असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही आणि तसं बिलावर छापावं लागतं. अशा बिलावर कर वेगळा दाखवला असेल तर तेवढी रक्कम वगळा आणि हॉटेलवाल्याकडून परत घ्यायला सांगा. चौकातल्या चहावाल्याकडे जीएसटी क्रमांक नसेल तर ते साहजिक आहे. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवेला नोंदणीची सक्तीच नाही. त्याचं साधं पावतीपुस्तकातलं बिल चालतं.

दुकानातून आणलेल्या वस्तूंचं थोडं वेगळं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. बिस्किटं, पॅकबंद फरसाण आणि साध्या पाण्याच्या बाटल्या ५ टक्क्यांवर आल्या, कोल्ड्रिंक ४० टक्क्यांवर गेलं. त्यानंतरच्या बिलात बिस्किटांना १८ टक्के दिसले तर दुकानदाराने सॉफ्टवेअर बदललेलं नाही. आणि पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे? किराणा दुकानाने घेतले तर आक्षेप घ्या. बाटली हॉटेलात बसून घेतली असेल तर आक्षेप नको. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटला तशी मुभा दिलेली आहे.

सर्व्हिस चार्ज मी सरळ वगळतो. जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तो ऐच्छिक आहे, म्हणजे ज्याची इच्छा त्याच्या खिशातून. टिपचंही तेच.

एक खास आपल्या हवेचा मुद्दा. हॉटेलचं बिल थर्मल कागदावर येतं आणि हा कागद उष्णतेने काळा पडतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर दोन तास राहिलं की बिलाचा कोळसा. एकदा एक मॅडम अगदी पूर्ण काळा कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, उजेडात तिरपं धरलं की दिसतं थोडं." दिसत नव्हतं. अशा वेळी हॉटेलकडून त्याच क्रमांकाची दुसरी प्रत आणायला लावायची, त्यावर 'दुय्यम प्रत' लिहून घ्यायचं आणि मूळ बिलावर प्रतिपूर्ती घेतलेली नाही असा अर्जदाराचा दाखलाही घ्यायचा. त्यापेक्षा बिल हातात आलं की लगेच झेरॉक्स काढून स्वतः साक्षांकित करून जोडावी हे बरं. लॅमिनेशन मात्र करू नका, गरम रोलरखाली तो आणखी काळा होतो.

पैसे कुणी दिले?

प्रतिपूर्ती म्हणजे ज्याच्या खिशातून गेले त्याला परत. म्हणून यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा तपशील जोडायला सांगा. त्यात बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. देणाऱ्याचं नाव अर्जदाराशी जुळतं का आणि घेणारं नाव हॉटेलचं आहे का, हे दोन्ही बघा. घेणाऱ्याच्या जागी मालकाचं वैयक्तिक नाव आलं तर घाबरू नका, लहान धंद्यात तसंच असतं. देणाऱ्याच्या जागी विद्यार्थ्याचं नाव दिसलं तर मात्र थांबा आणि त्या विद्यार्थ्याशी स्वतः बोला, मार्गदर्शकासमोर नव्हे. रोखीने दिले असतील आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं.

मोठी बिलं प्रतिपूर्तीने येऊच देऊ नका. दोनशे माणसांच्या परिषदेचं केटरिंग एखाद्या प्राध्यापकाने खिशातून करणं त्याच्याही अंगाशी येतं. केटरिंगचं एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज लाखाच्या वर गेली की पैसे देताना उगमकर (टीडीएस) कापावा लागतो, एकट्या मालकाला १ टक्का आणि भागीदारी किंवा कंपनीला २ टक्के. प्राध्यापकाने स्वतः पैसे दिले की ही कपात राहून जाते. अशा खर्चासाठी दरपत्रकं मागवून संस्थेने थेट केटररच्या खात्यात रक्कम भरावी. नाहीतर रीतसर अग्रिम (आगाऊ रक्कम) घ्यावा आणि वेळेत समायोजन करावं, म्हणजे हिशेब द्यावा.

एक जेवण, दोन बिलं

ही चूक शोधायला शेजारचं टेबल गाठावं लागतं. आदरातिथ्याचं बिल एका लिपिकाकडे आणि पाहुण्याचं प्रवासभत्त्याचं बिल दुसऱ्याकडे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. एकत्र ठेवली की गंमत कळते. पाहुणे मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सोलापुरात उतरले असं त्यांचं तिकीट सांगतं आणि आपल्याकडे आदल्या रात्रीच्या जेवणाचं बिल 'पाहुण्यांसमवेत' म्हणून आलेलं असतं. आदल्या रात्री पाहुणे गाडीत झोपलेले होते.

जेवण संस्थेने दिलं आणि पाहुण्याने दैनिक भत्ताही पूर्ण घेतला, हाही दुहेरी खर्चच. आपल्या प्रवासभत्ता नियमात जेवणाचा भाग किती वगळायचा ते बघा आणि त्या टेबलाला चिठ्ठी पाठवा. परिषदेत नोंदणी शुल्कात जेवण धरलेलं असेल तर त्याच जेवणाचा खर्च विभागाच्या आदरातिथ्यात पुन्हा येऊ नये. आणि अनुदानातून झालेली परिषद असेल तर डोळ्यांत तेल घालून बघा, कारण त्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) अनुदान देणाऱ्याकडे जातं आणि एकच बिल दोन हिशेबांत दिसलं तर वसुली निघते.

सलग क्रमांकांचं कोडं

समजा तुमच्याकडे विभागप्रमुखांची मंजुरीची मर्यादा ५,००० आहे. एकाच हॉटेलची, एकाच दिवसाची दोन बिलं येतात: ४,९४० आणि ४,८८५. क्रमांक ३१२ आणि ३१३. अर्ज दोन वेगळ्या नावांनी. हे एकच जेवण आहे आणि वरची मान्यता टाळायला दोन तुकडे केलेत. दोन्ही नस्त्या एकत्र करून ९,८२५ चं एक प्रकरण म्हणून वर पाठवा. दर जास्त वाटले तर तुलना त्याच आठवड्यातल्या दरांशी करा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या दिवसांत शहरातली हॉटेलं भरलेली असतात. जूनचा दर समोर ठेवून जानेवारीचं बिल कापणं अन्यायाचं होईल.

काय बसत नाही

दारू, सिगारेट, कुटुंबीयांचं जेवण, सहकाऱ्याचा वाढदिवस, निरोपसमारंभाचा केक. यावर चर्चा नको.

चर्चा होते ती हुरड्यावर. डिसेंबर-जानेवारीत शेतावरच्या हुरडा पार्टीचं बिल 'शैक्षणिक चर्चासत्र व अल्पोपाहार' असं नाव घेऊन येतं. बिलावर हुरडा, शेंगा चटणी, गुळ, ताक. चर्चासत्राचा विषय विचारला की सगळे एकमेकांकडे बघतात. परगावचे तज्ज्ञ आले, त्यांना मान्यता घेऊन नेलं, नावं आहेत, तर मी पास करेन. विभागच्या विभाग सहलीला गेला असेल तर वर्गणी काढा.

सत्काराची सोलापुरी चादर आदरातिथ्यात टाकू नका, तिचं शीर्ष वेगळं असतं. तिथेही माणसं मोजा: सत्कार दोघांचा आणि चादरी पाच, तर तीन कुठे गेल्या? पाहुण्यांना जाताना दिलेलं पाव किलो शेंगा चटणीचं पुडकं भेटवस्तू ठरतं आणि मान्यतेत नसेल तर वगळावं लागतं. ते वगळताना मला दरवेळी वाईट वाटतं, पण वगळतो.

आक्षेप एकदाच, आणि माणसासारखा

सगळे मुद्दे एका टिपणीत लिहा. आज यादी मागायची, आठ दिवसांनी जीएसटीबद्दल विचारायचं, मग व्यवहाराचा तपशील, असं केलंत तर लोक तुम्हाला शिव्या देतील आणि त्यांचं बरोबर असेल. भाषा अशी ठेवा:

'सोबतच्या देयकात १४ थाळ्यांची आकारणी आहे. मान्य टिपणीनुसार ९ व्यक्तींची नावे आढळतात. उर्वरित ५ व्यक्तींची नावे व प्रयोजन कळवावे, अथवा रु. ९४५/- वगळून रु. १,७०१/- मंजूर करण्यास हरकत नसल्याचे कळवावे.'

यात आरोप नाही, आकडे आहेत, आणि समोरच्याला निवड दिली आहे. 'देयक संशयास्पद' असले शब्द नस्तीत कधीच लिहू नका. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २१ वा नियम आहे: शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्चताना जेवढी दक्षता घेतो तेवढीच सार्वजनिक पैशाबाबत घ्यावी. कुणी फारच हुज्जत घातली तर मी तो काढून दाखवतो, पण वर्षातून एखादवेळीच.

पास करताना

मंजूर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहा: रु. १,७०१/-, अक्षरी रुपये एक हजार सातशे एक फक्त. वगळलेली रक्कम आणि कारण त्याच्या खालीच लिहा, वेगळ्या कागदावर नको. मूळ बिलावर तिरपा शिक्का मारा, म्हणजे ते पुन्हा दुसऱ्या नस्तीत फिरणार नाही. प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक बिलावर आणि नोंदवहीत दोन्हीकडे घाला. नोंदवहीत हॉटेलचं नाव आणि बिल क्रमांक यांचा रकाना आधीपासून नसेल तर आजच आखा. तेच बिल सहा महिन्यांनी पुन्हा आलं की तिथेच सापडतं.

आणि शेवटी, शिपाई कुणाची तरी चिठ्ठी घेऊन येतो: 'हे करून टाका.' चिठ्ठीवर तारीख नाही, पूर्ण सही नाही. चिठ्ठी फाडू नका आणि तिच्यावर बिलही काढू नका. ती नस्तीत लावा, खाली एक ओळ लिहा, 'वरील सूचनेनुसार मान्यता अपेक्षित असल्यास कृपया टिपणीवर आदेश व्हावेत', आणि नस्ती त्याच शिपायाच्या हातात परत द्या. माझ्याकडे अशा गेलेल्या नस्त्यांपैकी निम्म्या परत आल्याच नाहीत.